महापालिकेच्या अंदाजपत्रकात गल्लीतल्या रहिवाशांचे म्हणणे पोहोचवायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : शुक्रवार पेठेतील रहिवासी, कोल्हापूर

नमस्कार. येथे प्रशासनातील, अध्यापनातील आणि गावपातळीवर काम केलेली अनेक मंडळी लिहितात, म्हणून हा प्रश्न जरा सविस्तर मांडतो.

आमची गल्ली पंचगंगेपासून फार लांब नाही. राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी ३९ फुटांची इशारा रेषा ओलांडून ४३ फुटांच्या धोका रेषेकडे सरकू लागली, की तळमजल्यावरची कुटुंबे धान्याचे डबे, शेगडी आणि मुलांची दप्तरे माळ्यावर चढवायला घेतात. २०१९ साली ही पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली होती आणि २०२१ साली ५६ फुटांच्या. तेवढा महापूर एका गल्लीच्या सूचनेने अडणारा नाही, हे आम्हाला समजते. माझा प्रश्न त्याहून साध्या पाण्याचा आहे. जून-जुलैत पाऊण तास जोराचा पाऊस पडला, की नदी पात्रातच असते, तरीही गल्लीच्या खालच्या टोकाला घोट्याच्या वर पाणी साचते. आमच्याच गल्लीत राहणाऱ्या एका गवंड्याने पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन्ही टोकांना धरून आम्हाला त्याचे कारण दाखवले. पंधरा फुटांच्या अंतरात गटारीचा तळ ज्या बाजूला उतरायला हवा, त्या बाजूला तो जवळजवळ तीन बोटे वर आहे.

गेल्या काही वर्षांत याच गल्लीवर दोनदा सार्वजनिक पैसा खर्च झाला. एकदा बऱ्या स्थितीतला काँक्रीटचा रस्ता उकरून पेव्हिंग ब्लॉक बसवले गेले आणि एकदा कोपऱ्यावर मोठा दिव्याचा खांब उभा राहिला. ही कामे कोणी सुचवली, असे मी दहा-बारा घरांत विचारले, पण एकालाही सांगता आले नाही. यात मी दुसऱ्या कोणाला दोष देत नाही, कारण काम सुरू होण्यापूर्वी आम्हीही कोठे जाऊन चौकशी केली नव्हती.

आपल्या शहराला सार्वजनिक पैशाची फिकीर नाही, असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. सुमारे पन्नास किलोमीटर रस्त्यांच्या २२० कोटींच्या प्रकल्पासाठी ३० वर्षे टोल भरायचा, हा करार झाल्यानंतर प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या मागे हे शहर वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरले आणि डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द होत असल्याची घोषणा ऐकूनच शांत झाले. मी वडिलांबरोबर त्या मोर्चांत चाललो आहे. तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. करार झाल्यावर तो मोडायला जेवढी माणसे लागली, त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकी माणसे करार होण्यापूर्वी त्याचा कागद वाचायला बसली असती, तर काय झाले असते?

म्हणून विचारतो. महापालिकेचे अंदाजपत्रक तयार होत असताना सामान्य रहिवाशाला आपले म्हणणे मांडण्याची कायदेशीर जागा कोणती? ते कोणत्या महिन्यात मांडावे, कोणाकडे मांडावे आणि ते विचारात घेतले गेले की नाही हे कसे समजावे? पुण्यात नागरिकांकडून कामे सुचवून घेतात असे ऐकले आहे. त्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी अवश्य लिहावे.

उत्तर : निवृत्त लेखापाल

मी एका नगरपालिकेच्या लेखा विभागात एकतीस वर्षे काम करून निवृत्त झालो. आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण एवढ्या वर्षांत अंदाजपत्रकाविषयी विचारायला आमच्या खिडकीशी आलेले नागरिक मला बोटांवर मोजता येतील. देयक अडकलेले ठेकेदार रोज येत असत.

प्रथम महिन्यांविषयी. पुढील वर्षाचे अंदाजपत्रक ३१ मार्चपूर्वी मंजूर व्हावे लागते, त्यामुळे वर्तमानपत्रांत त्याची चर्चा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि लोकही तेव्हाच जागे होतात. प्रत्यक्षात निरनिराळ्या विभागांकडून मागण्या मागवण्याचे काम त्याच्या बरेच आधी, साधारणपणे दिवाळीच्या मागेपुढे सुरू झालेले असते. आयुक्त आपला मसुदा स्थायी समितीसमोर ठेवतात आणि समिती तो फेरफारांसह सर्वसाधारण सभेकडे पाठवते. तोपर्यंत रकमांची जुळवाजुळव बहुतेक पुरी झालेली असते. अशा वेळी नवे काम घालायचे म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी काम काढावे लागते. आपली मागणी ऑक्टोबरच्या अखेरीस विभागीय कार्यालयात आवक क्रमांकासह नोंदली गेली असेल, तर तिला जी किंमत असते ती मार्चमधल्या निवेदनाला नसते. आपल्या शहरात गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालये आहेत. त्यांपैकी आपल्या भागाचे जे असेल तेथे जावे.

आता पैशाविषयी. वर्तमानपत्रात अंदाजपत्रकाचा एकूण आकडा वाचून लोकांना वाटते, की एवढ्या कोटींतून आमच्या गटारीला दोन लाख का मिळू नयेत. पण ही एक थैली नसते. पगार, निवृत्तिवेतन, पाणी उपशाचे वीजबिल आणि कर्जाचे हप्ते हा बंधनकारक खर्च आधी बाजूला निघतो. शासनाकडून विशिष्ट योजनेसाठी आलेला निधी त्याच योजनेवर खर्चावा लागतो. मागच्या वर्षी कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश) दिलेल्या, पण देयक चुकते न केलेल्या कामांचे दायित्व नव्या वर्षाच्या मानगुटीवर बसलेले असते. हे सारे वजा जाता जी रक्कम उरते, तिच्याविषयी खरा निर्णय होत असतो. रहिवाशांना सहभाग हवा असेल, तर त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा, की आमच्या प्रभागासाठी या वर्षी अशी मोकळी रक्कम किती आहे. हा आकडा हाती नसताना घेतलेली सभा म्हणजे इच्छांची यादी करणे होय, आणि अशा याद्या मी कपाटात धूळ खाताना पाहिल्या आहेत.

तरतूद झाली म्हणजे काम झाले, असेही समजू नये. एखादे लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे ठरावीक खाते, उघडे राहावे म्हणून त्यापुढे नाममात्र रक्कम टाकण्याची पद्धत आहे. तिला आम्ही टोकन तरतूद म्हणत असू. नगरसेवक ते पान लोकांना दाखवतात, लोक समाधानाने घरी जातात आणि वर्षअखेर ती रक्कम जशीच्या तशी राहते. म्हणून पान पाहताना कामाच्या नावाबरोबर त्यासमोरचा आकडाही वाचावा. पुढे कामाची पाहणी, खर्चाचा अंदाज, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यादेश, झालेल्या कामाची मापे लिहायच्या मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि शेवटी देयक एवढा प्रवास असतो. प्रत्येक टप्प्यावर कागद तयार होतो आणि त्यातला बहुतेक प्रत्येक कागद माहितीच्या अधिकारात मागता येतो. २००५ च्या या कायद्याच्या कलम ४ नुसार तर अंदाजपत्रकातील तरतुदी आणि झालेला खर्च कोणी न मागताही प्रसिद्ध करणे हे कार्यालयांचे कर्तव्य आहे.

कायदेशीर जागेविषयी आपण विचारले आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे सांगितले. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूरची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या जवळ आहे, तेव्हा आपण त्यात बसतो. त्याखाली, एखाद्या भागातील सर्व मतदारांची क्षेत्र सभा भरवण्याची तरतूद आपल्या राज्याने २००९ साली महापालिका कायद्यात केली. खेड्यातील ग्रामसभेचे हे शहरी भावंड. त्या भागाला कोणत्या सुविधांची उणीव आहे आणि कोणते काम आधी व्हावे हे सुचवणे, हेच तिचे काम. ही तरतूद कागदावर आहे आणि राज्यातील शहरांत ती फारशी अमलात आलेली नाही, पण मागणी करताना कायद्याच्या पुस्तकातले पान आपल्या बाजूने असणे ही लहान गोष्ट नाही.

शेवटी आपल्या गटारीविषयी. पंधरा फुटांचा उलटा उतार दुरुस्त करणे हे नवे भांडवली काम म्हणून मागू नका. ते देखभाल-दुरुस्तीच्या शीर्षातून होण्यासारखे आहे आणि तिथे प्रवास बराच लहान असतो.

उत्तर : राजारामपुरी

नोकरीच्या निमित्ताने मी नऊ वर्षे पुण्यात राहत होतो, त्यामुळे तिथल्या नागरिक सहभागाच्या अंदाजपत्रकाविषयी लिहितो. पुणे महापालिकेने ही पद्धत २००६ मध्ये सुरू केली. भारतात इतका दीर्घ काळ चाललेले असे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. ठरावीक मुदतीत नागरिकांनी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपल्या भागातील काम सुचवायचे, अधिकारी ते काम शक्य आहे का ते पाहतात, प्रभाग समितीत त्यांची छाननी होते आणि निवडलेली कामे पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात घेतली जातात. एका कामाला पाच लाख रुपयांची मर्यादा असल्यामुळे पदपथ, बाक, बसथांबा, दिवे, स्वच्छतागृहाची दुरुस्ती अशी कामे त्यात येतात.

माझा पहिला अर्ज मला आजही आठवतो. मी लिहिले होते, ‘आमच्या सोसायटीसमोरचा पदपथ नीट करावा.’ टेबलामागच्या कनिष्ठ अभियंत्यांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, कोठून कोठपर्यंत, किती मीटर, रुंदी किती, आणि मध्ये विजेचा खांब किंवा झाड आहे का? मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. त्यांनी मला परत पाठवले. संध्याकाळी मुलीच्या शाळेच्या पेटीतली पट्टी आणि दोरी घेऊन मी पदपथ मोजला. त्या मोजणीत मला दिसले, की पदपथ खराब आहेच, पण त्याची उंची रस्त्यापासून एवढी आहे की आमच्या इमारतीतील दोन वृद्धांना त्यावर चढताच येत नाही. मी पदपथाऐवजी दोन ठिकाणी उतरत्या कडा मागितल्या. खर्च कितीतरी कमी होता. पुढच्या वर्षी त्या झाल्या आणि त्यांतल्या एका आजोबांना मी त्यावरून काठी टेकत चढताना पाहिले.

उणिवाही सांगायला हव्यात. ही पद्धत अर्जावर चालते, एकत्र बसून बोलण्यावर नाही. मी माझा अर्ज देतो, शेजारी त्यांचा देतात, आणि दोघांपैकी कोणाचे काम अधिक निकडीचे याची चर्चा आमच्यात कधी होतच नाही. त्यामुळे ज्यांना मुदत कळते, ज्यांना अर्ज लिहिता येतो आणि ज्यांच्या सोसायटीचे सचिव उत्साही असतात, त्यांचेच अर्ज अधिक येतात. एकूण अंदाजपत्रकाच्या मानाने ही रक्कमही अगदी छोटी आहे. तरीही कोल्हापुरात एवढे जरी सुरू झाले, तरी मी पहिल्या दिवशी रांगेत उभा राहीन.

उत्तर : करवीर तालुक्यातून

दादा, आपण आणि आधीच्या दोघांनी शहराविषयी लिहिले आहे. मी शहराला लागून असलेल्या एका गावात राहते आणि दोन वेळा ग्रामपंचायत सदस्य होते. आमच्याकडे ही जागा कायद्यानेच दिलेली आहे, तरीही ती जपावी लागते, म्हणून थोडे लिहिते.

ग्रामसभेची गणसंख्या एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी कमी असेल ती. तेवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. याचा अर्थ अनुभवी माणसांना चांगला ठाऊक असतो. पहिल्या दिवशी कोणी यायचे नाही आणि नंतरच्या सभेत वीस-पंचवीस जणांनी ठराव मंजूर करायचे. तुमच्याकडे उद्या क्षेत्र सभा सुरू झालीच, तर या एका गोष्टीवर पहिल्यापासून लक्ष ठेवा.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. आमच्या गावच्या विकास आराखड्यात एका वर्षी नवी पाण्याची टाकी प्रस्तावित होती, कारण वरच्या आळीत पाणी पोहोचत नाही अशी जुनी तक्रार होती. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील साठ टक्के रक्कम तेव्हा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, त्यामुळे टाकीला पैसे दाखवणेही अवघड नव्हते. महिला सभेत वरच्या आळीतील एक वहिनी उभ्या राहिल्या. त्यांनी आठवडाभर घड्याळ लावून नोंद ठेवली होती. खालच्या आळीत घागर दीड मिनिटात भरते आणि त्यांच्या नळाला तीच घागर भरायला अकरा मिनिटे लागतात, पण दोन दिवस खालचा व्हॉल्व्ह अर्धा बंद राहिला तेव्हा त्यांची घागर तीन मिनिटांत भरली. पाणीपुरवठा कर्मचाऱ्यालाही बोलावले गेले आणि त्यांनी ते मान्य केले. टाकीऐवजी दोन व्हॉल्व्ह बदलायचे आणि पाणी सोडण्याच्या वेळा वेगळ्या करायच्या, असे ठरले. टाकीसाठी धरलेल्या रकमेपैकी फारच थोडी खर्च झाली आणि उरलेले पैसे शाळेच्या स्वच्छतागृहांकडे वळवता आले.

ती नोंद कोणा पुरुष सदस्याकडून आली नसती, कारण घागर भरायला आमच्या घरांत कोण उभे राहते हे सर्वांना माहीत आहे. तेव्हा आपण गल्लीत बैठक घ्याल तेव्हा ती रात्री नऊला तालमीत न घेता दुपारी तीनच्या सुमारास कोणाच्या तरी सोप्यात घ्या. स्वयंपाक उरकलेला असतो, मुले शाळेत असतात आणि बायका मोकळेपणाने बोलतात.

आराखडा करण्यापूर्वी आम्ही शिवारफेरी काढतो. सगळे मिळून गावभर चालायचे आणि जिथे अडचण आहे तिथेच उभे राहून बोलायचे. शहरात तिला गल्लीफेरी म्हणा, पण ती अवश्य काढा. सभागृहात बसून दोन तास भांडणारी माणसे गटारीच्या काठावर उभी राहिली की दहा मिनिटांत एकमेकांचे ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

उत्तर : एक नागरिक

सर्वांचे म्हणणे वाचले. मला एक शंका प्रामाणिकपणे मांडावीशी वाटते. आपण मतदान करून नगरसेवक निवडतो ते याच कामासाठी ना? प्रत्येक गल्लीने स्वतःच कामे ठरवायची म्हटले, तर संपूर्ण शहराचा विचार कोण करणार? काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाईपलाईन ही गल्लीफेरीतून निघालेली योजना नव्हती. २०१३ मध्ये मंजूर झालेल्या त्या योजनेचे पाणी शहरात यायला २०२३ ची दिवाळी उजाडली, हे खरे. पण एवढे मोठे काम शेवटी शासन, तज्ज्ञ आणि निवडून आलेले प्रतिनिधी यांनीच करायचे असते.

उत्तर : राज्यशास्त्राचा शिक्षक

वरील शंका महत्त्वाची आहे आणि ती बाजूला सारून पुढे जाता येणार नाही. शहराच्या पाण्याची मुख्य योजना किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्र गल्लीने ठरवावे, असे कोणीच म्हणत नाही. पण नगरसेवक आहेत म्हणून नागरिकांना विचारण्याची गरज नाही, हे म्हणणे कोल्हापुरात तरी टिकत नाही, कारण नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर या शहराचा कारभार कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात प्रत्येक वर्षी अंदाजपत्रक झाले, कोट्यवधी रुपये खर्च झाले आणि निवडून दिलेला एकही माणूस त्या सभागृहात बसलेला नव्हता. नागरिकांनी बोलण्याची स्वतंत्र, नियमित जागा असती, तर त्या वर्षांत निदान तेवढा एक धागा टिकून राहिला असता.

ज्या शहराचे नाव या विषयात सर्वत्र घेतले जाते, त्या ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहरानेही प्रतिनिधींना दूर सारले नव्हते. १९८९ साली कामगार पक्षाचे महापौर ऑलिव्हियो दुत्रा यांच्या कारकिर्दीत तेथे ही पद्धत सुरू झाली. वस्त्यावस्त्यांत सभा होत, सभांतून लोक आपले प्रतिनिधी निवडत आणि ते प्रतिनिधी नगर प्रशासनाबरोबर बसून कामांचा क्रम ठरवत. अंतिम मंजुरी नगर परिषदच देत असे. मला त्यातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती निधी वाटपाच्या सूत्राची. कोणत्या भागाला किती पैसे मिळावेत हे तीन गोष्टींवर ठरत असे : त्या भागाची लोकसंख्या, तेथे पाणी, गटार, रस्ता यांसारख्या सुविधांची किती उणीव आहे, आणि तेथील लोकांनी स्वतः कोणत्या कामाला अग्रक्रम दिला आहे. दुसऱ्या निकषामुळे, ज्या वस्तीत आधीच सर्व काही आहे ती कितीही मोठ्या आवाजात बोलली तरी मागे राहत असे आणि डोंगरउतारावरच्या गरीब वस्तीला तिचा वाटा मिळत असे.

पुण्याचा अनुभव लिहिणाऱ्या गृहस्थांनी दाखवलेल्या उणिवेवर मला हेच उत्तर दिसते. आपल्या शहरात रंकाळ्याच्या बाजूच्या एखाद्या कॉलनीतून येणारा टाईप केलेला अर्ज आणि नाल्याकाठच्या भाड्याच्या खोलीतल्या बाईचे तोंडी म्हणणे यांना एकाच तराजूत तोलले, तर अर्जाचेच पारडे जड होणार. त्या बाईचे नाव अनेकदा या प्रभागाच्या मतदार यादीतही नसते, त्यामुळे क्षेत्र सभेचे दारही तिला बंद असते. मग तिच्यापर्यंत जाण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवायला हवे.

येथे तालीम मंडळांचा विचार मनात येतो. पेठेतील तालीम ही या शहराची मोठी ठेव आहे. पुराच्या वेळी बोटी, जेवण आणि औषधे घेऊन सर्वांत आधी कोण पोहोचते हे २०१९ मध्ये आपण पाहिले आहे. गल्लीतील माणसांना एका हाकेत जमवण्याची तिच्याएवढी ताकद दुसऱ्या कोणाकडे नाही. म्हणून सुरुवात तालमीच्या मदतीने करावी, पण प्रतिनिधित्व तिच्याकडेच सोपवू नये. करवीर तालुक्यातील ताईंनी दुपारच्या सोप्याविषयी जे लिहिले आहे, ते मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे.

पोर्तो आलेग्रेचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. २००४ नंतर तेथे सत्ता बदलली, पद्धतीचे महत्त्व हळूहळू कमी होत गेले आणि २०१७ मध्ये ती थांबवली गेली. जी गोष्ट एखाद्या महापौराच्या किंवा आयुक्ताच्या आस्थेवर उभी असते, ती त्यांच्या बदलीबरोबर जाते. केरळमध्ये १९९६ साली लोकनियोजन मोहीम सुरू झाली तेव्हा राज्याच्या योजना खर्चापैकी पस्तीस ते चाळीस टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे देण्याचा निर्णय झाला. पुढे सरकारे बदलली, मोहिमेचे नावही बदलले, पण स्थानिक संस्थांकडे निधी देण्याची चौकट मोडली गेली नाही, कारण ती तोवर कायद्यात आणि कार्यपद्धतीत उतरली होती. कोल्हापुरात ज्यांना काही सुरू करायचे आहे त्यांनी आयुक्तांच्या तोंडी आश्वासनावर समाधान न मानता सर्वसाधारण सभेच्या ठरावाचा आग्रह धरावा, असे मला मनापासून वाटते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचा ऋणी आहे. उत्तरे वाचून मी दोन गोष्टी केल्या आणि त्यांचा वृत्तान्त येथे देणे माझे कर्तव्य समजतो.

रविवारी आम्ही गल्लीफेरी काढली. सतरा जण आले, त्यांत सात महिला होत्या. गवंडीकाकांनी पुन्हा नळी लावून उतार दाखवला आणि यावेळी आम्ही तो फुटांत आणि इंचांत लिहून घेतला. गटारीची लांबी, रुंदी, मध्ये येणारी नळाची जोडणी, कोणत्या घरासमोर पाणी साचते, सारे एका कागदावर रेखाटले. चालता चालता एक गोष्ट पुढे आली, जी मला इतकी वर्षे त्याच गल्लीत राहून ठाऊक नव्हती. खालच्या टोकाच्या तीन खोल्यांत भाडेकरू राहतात. पाणी साचले की ते आत येऊ नये म्हणून त्यांनी उंबऱ्याशी विटा रचल्या आहेत, आणि त्या विटांमुळे अंगणातले पाणी शेजारच्या आजींच्या न्हाणीत जाते. दोन्ही घरांत त्यावरून वर्षभर अबोला होता. गटारीच्या काठावर उभे राहून दोघींनी एकमेकींकडे पाहिले, आणि आजींनीच आधी विचारले, “तुमच्या मुलीचा खोकला बरा आहे का?”

नंतर तिथल्या तिथे कामांचा क्रम ठरवला. गटारीचा उतार पहिला. दुसरे काम मात्र मी मनात धरले होते त्याहून वेगळे निघाले. मला गल्लीच्या तोंडाशी नामफलक हवा होता, परंतु महिलांचे म्हणणे पडले, की कोंडाळ्याजवळचा बंद दिवा आधी लागावा, कारण पहाटे पाणी भरायला तेथूनच जावे लागते. नामफलक यादीतून काढला.

दुसरी गोष्ट अशी, की गटारीची मागणी देखभाल-दुरुस्तीखाली वेगळ्या कागदावर लिहिली, मोजमापाचे रेखाटन जोडले आणि विभागीय कार्यालयात देऊन आवक क्रमांक घेतला. प्रभागासाठी मोकळी रक्कम किती आहे, हे विचारणारा अर्जही सोबत दिला. कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी तो दोनदा वाचला आणि असा अर्ज आपण पहिल्यांदाच पाहत असल्याचे सांगितले.

निवृत्त लेखापालसाहेबांना एक विचारायचे आहे. मागील वर्षांच्या दायित्वाची यादी मागायची झाल्यास ती लेखा विभागाकडे मागावी, की शहर अभियंता कार्यालयाकडे?

उत्तर : निवृत्त लेखापाल

दोन्हीकडे मागा. अभियंता कार्यालयाच्या यादीत कार्यादेश दिलेली सर्व कामे असतात आणि लेखा विभागाच्या यादीत देयक सादर झालेली. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, की कार्यादेश निघूनही अद्याप देयक सादर न झालेली कामे आपोआप वेगळी दिसतात. अर्जात आर्थिक वर्ष आणि प्रभाग क्रमांक स्पष्ट लिहा, नाहीतर संपूर्ण शहराची यादी पाहायला या असे उत्तर येईल. तसे आलेच तरी जा, वही बरोबर न्या आणि आपल्या पेठेच्या नोंदी हाताने उतरून घ्या. गटारीच्या कामाचा कार्यादेश निघाला, की मोजमाप पुस्तिकेत नोंद होण्यापूर्वी गवंडीकाकांना त्यांची नळी घेऊन कामावर उभे राहायला सांगा.